‘सगळं एकत्र पाठवा’ हे बटण परत द्या

प्रति,
ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांचे संचालक आणि त्यांच्याकडचं पॅकिंग व डिलिव्हरी सांभाळणारे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी एका कंपनीच्या ॲपमध्ये पैसे भरण्याच्या पानावर एक छोटं बटण असायचं: ‘सगळ्या वस्तू एकत्र पाठवा’. ते दाबलं की चार वस्तूंतली सर्वांत उशिरा मिळणारी वस्तू तयार होईपर्यंत बाकीच्या तीन थांबायच्या आणि सगळं एकाच खोक्यात, एकाच फेरीत घरी यायचं. ॲपचं नवं रूप आलं आणि ते बटण गेलं. चौकशी केली, तर ग्राहक सेवेकडून उत्तर आलं की तुम्हाला अधिक जलद सेवा मिळावी म्हणून हा बदल केला आहे. मी जलद सेवा मागितलीच नव्हती, असं कळवलं. त्यावर तेच उत्तर अगदी स्वल्पविरामासकट पुन्हा आलं. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. त्या कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. तिने निदान काही काळ तरी तो पर्याय दिला होता. मी वापरलेल्या बाकीच्या ॲपमध्ये तो मला कधी सापडलाच नाही.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मला संधिवात आहे. दुकानांतून फिरणं, रांगेत उभं राहणं, भरलेल्या पिशव्या घेऊन जिने चढणं आता होत नाही. औषधं, कपडे, पुस्तकं, विजेच्या किरकोळ वस्तू, सगळं मी घरबसल्या मागवते. त्यामुळे ‘एवढा त्रास होतो तर मागवू नका’ हा सल्ला माझ्या काही कामाचा नाही. तुमची सेवा मला लागते, आणि लागते म्हणूनच ती धड असावी असं वाटतं. तक्रार करणारा प्रत्येक जण ऑनलाइन खरेदीच्या विरोधात असतो, असं तुमच्याकडे कोणी धरून चालू नये.

ज्या बोटांनी डबीचं झाकण फिरत नाही, त्याच बोटांनी मला तुमची पार्सलं उघडावी लागतात. खोक्याच्या मधल्या फटीवर टेप, ती दोन्हीकडे खाली वळवलेली, मग कडांवर टेप, मग कोणाला तरी शंका आली म्हणून वरून एक आडवा पट्टा. आत प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यावर बाण आणि ‘येथून फाडा’ अशी सूचना; पण तिथून ती फाटत नाही, नुसती ताणत जाते आणि पांढरी पडते. तिच्या आत बबल रॅप, त्यालाही टेप. या कामासाठी मी एक वेगळी कात्री दाराजवळ ठेवली आहे. आणि इतकी आवरणं सोलल्यावर परवा आतून काय निघालं, तर हात पुसायचा टॉवेल. बबल रॅप १९५७ साली जन्माला आलं ते भिंतींना लावायचा उठावदार कागद बनवण्याच्या खटाटोपातून. तो बेत फसला आणि पुढे संगणकासारखी नाजूक यंत्रं पाठवताना त्याचा खरा उपयोग सापडला. धक्का लागला तर तुटेल अशा वस्तूसाठी ते आजही उत्तम आहे. टॉवेलला कशापासून जपायचं असतं, ते मला कोणी समजावून सांगावं.

तर पहिली तक्रार रिकाम्या जागेची. नाकापेक्षा मोती जड, ही म्हण तुमच्या पॅकिंगसाठीच केली असावी.

मध्यंतरी मोबाइलसाठी मेमरी कार्ड मागवलं. मायक्रोएसडी कार्ड १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड असतं. ते ज्या खोक्यात आलं, त्याला मी मोजपट्टी लावली: ३० बाय २० बाय १० सेंटिमीटर. कागदावर गणित केलं, तर तेवढ्या जागेत अशी ३६ हजारांहून जास्त कार्डं मावतात. कार्डाला स्वतःचं पुठ्ठ्याचं पाकीट होतं, हे मान्य. पण तेही तळहातावर मावणारं. बाकी सगळ्या खोक्यात हवेने फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या उशांची माळ कोंबलेली होती.

कुरिअरच्या धंद्यात या रिकाम्या जागेचं मोजमाप होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची, येणाऱ्या आकड्याला बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं, की पार्सलचं आकारमानावरचं वजन किलोमध्ये मिळतं. खरं वजन आणि हे वजन यांत जे जास्त असेल, त्यावर भाडं. माझ्या खोक्याचं हे वजन १.२ किलो भरतं. आतल्या कार्डाचं खरं वजन एका ग्रॅमपेक्षाही कमी. हा हिशेब कुरिअरवाल्यांनी उगाच काढलेला नाही. घरगुती मालाची गाडी वजनाची मर्यादा गाठायच्या आधीच जागेने भरते. म्हणजे ‘भरलेली’ म्हणून निघालेल्या गाडीत बरीचशी हवाच प्रवास करते, आणि त्या हवेपायी दुसरी गाडी काढावी लागते. तुमचं कुरिअर स्वतःचंच असेल, तर भाड्याचं बिल कोणी पाठवत नसेल. पण गाडी, इंधन आणि चालक यांचा खर्च कुठे जात नाही. तो ‘मोफत डिलिव्हरी’ या दोन शब्दांच्या मागे, वस्तूच्या किमतीत बसवलेला असतो.

याचा दोष पॅकिंगच्या टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाला देऊ नका. गोदामात खोक्यांची मापं ठरावीक असतात. मोठ्या गोदामांत कोणता खोका घ्यायचा हे संगणक सुचवतो, आणि तो ते वस्तूच्या नोंदवलेल्या मापांवरून सुचवतो. ती मापं विक्रेत्याने अंदाजाने भरली असतील किंवा दहाच्या संचाची मापं एका नगाला चिकटवली असतील, तर संगणकाला मेमरी कार्डही विटेएवढं दिसणार. समोरच्या माणसाला चूक स्वच्छ दिसत असते. पण ताशी किती पार्सलं बांधायची याचं लक्ष्य त्याच्या डोक्यावर असतं. जागा सोडून लहान खोका शोधायला गेला तर त्याचाच आकडा घसरतो. मग तो सुचवलेला खोका उचलतो आणि उरलेली जागा हवेने भरतो. मीही तेच केलं असतं. आपल्या यादीतल्या किती वस्तूंची मापं खरी आहेत, हे तपासायचं काम वरच्या मजल्यावरचं आहे.

मोठ्या खोक्यात वस्तू जास्त सुरक्षित राहते, हेही खरं नाही. पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्याचा जोर त्याच्या उभ्या भिंतींत आणि कोपऱ्यांत असतो. आत माल नीट बसवलेला असेल तर वरचा भार पेलायला तोही मदत करतो. अर्धा रिकामा खोका ढिगाच्या तळाशी गेला की त्याचा माथा खचतो आणि आतली वस्तू प्रत्येक वळणावर इकडून तिकडे आपटते. माझ्याकडे फुटून आलेला चहाचा कप अशाच ऐसपैस खोक्यातून आला होता, कान एकीकडे आणि कप दुसरीकडे.

दुसरी तक्रार फेऱ्यांची.

मी एकदाच केलेली ऑर्डर माझ्याकडे हप्त्याहप्त्याने येते. सकाळी रक्तदाब मोजायचं यंत्र, दुपारी त्याच्या बॅटऱ्या, दुसऱ्या दिवशी त्याची कापडी पिशवी. एकच पत्ता, एकच ऑर्डर. माणसं निराळी, गाड्या निराळ्या, खोके निराळे. वस्तू वेगवेगळ्या गोदामांत असतात, हे मला कळतं. पण घरापर्यंत येण्याआधी त्यातल्या बऱ्याच एकाच वितरण केंद्रातून जातात, आणि तिथे त्या एकत्र करता येतात. त्यासाठी आधी आलेल्या वस्तूला एक-दोन दिवस थांबवावं लागतं, एवढंच. तुम्ही थांबवत नाही, कारण तुमचा स्पर्धक थांबवत नाही.

थांबल्याने काय मिळतं, हे गणित जुनं आहे. कमीत कमी अंतर कापून अनेक ठिकाणी माल कसा पोचवावा, हा प्रश्न जॉर्ज डॅन्ट्झिग आणि जॉन रॅम्सर यांनी १९५९ साली गणिताच्या भाषेत मांडला. त्यांच्यासमोर पेट्रोल पंपांना तेल पोचवणाऱ्या टँकरचं उदाहरण होतं. आज तुमचं रस्ते ठरवणारं सॉफ्टवेअर त्याच प्रश्नाची उत्तरं काढतं. पण ते कितीही हुशार असलं, तरी त्याला खेळायला पार्सलं हवीत. एका गल्लीत एक पार्सल द्यायला जेवढं अंतर जावं लागतं, जवळपास तेवढ्यातच त्या गल्लीतली दहा देता येतात. दहा जमायला वेळ लागतो. ‘काही तासांत दारात’ असं वचन दिलं की जमवायला वेळच उरत नाही. आहे ती चार पार्सलं घेऊन गाडी निघते, आणि तासाभराने त्याच गल्लीत दुसरी येते. औषधाला ही घाई शोभते. उशीच्या अभ्र्याला नाही. तुमचं ॲप मात्र दोन्ही एकाच वेगाने पळवतं.

‘ग्राहकांनाच सगळं लगेच हवं असतं’ हे उत्तर तयार असेल, ते मी ऐकून आहे. जलद डिलिव्हरी आधीच निवडून ठेवलेली असते, हिरव्या अक्षरांत. ‘उशिरा चालेल’ हा पर्याय असलाच, तर पान खाली सरकवत जाऊन, करड्या बारीक अक्षरांत शोधावा लागतो. जे आधीच निवडलेलं आहे, ते बहुतेक लोक तसंच राहू देतात. याला मागणी म्हणत नाहीत. एकत्र पाठवायचं बटण कोणी वापरत नव्हतं म्हणून काढलं असेल, तर ते कुठे ठेवलं होतं तेही सांगा.

तिसरी तक्रार माझी नाही, पण माझ्या दारात रोज दिसते म्हणून लिहिते. घाईचं ओझं शेवटी गाडीवरच्या मुलावर पडतं. मी घरात असताना ‘ग्राहक उपलब्ध नाहीत’ असा निरोप येतो, तेव्हा मला राग येतो. पण त्याच्या यादीत उरलेली पार्सलं आणि उरलेला वेळ यांचा मेळ बसत नसणार, हेही दिसतं. हुकलेली डिलिव्हरी म्हणजे तोच माल, तोच रस्ता, पुन्हा दुसऱ्या दिवशी. आणि पार्सल मिळालं की ॲप मला विचारतं, डिलिव्हरी करणाऱ्याला किती तारे द्याल? खोक्याला किती तारे, ते कोणी विचारत नाही. टॉवेलभोवती बबल रॅप गुंडाळायला त्याने सांगितलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, यापेक्षा वेगळं काय?

चौथी तक्रार तुमच्या पाकिटांवरच्या हिरव्या पानांची आणि बाणांच्या त्रिकोणांची आहे. त्रिकोण आणि आत आकडा ही खूण १९८८ साली आली, आणि ती प्लॅस्टिकचा प्रकार सांगते. आत ४ असेल तर कमी घनतेचं पॉलिथिन. त्या वस्तूचा खरोखर पुनर्वापर होईल, असं ती खूण म्हणत नाही. पण बाण पाहून माणूस तसंच समजतो, आणि तुम्ही समजू देता.

बाहेर तपकिरी कागद आणि आतल्या बाजूला चिकटवलेलं बबल रॅप, असली पाकिटं तर धड कागदात जात नाहीत, धड प्लॅस्टिकमध्ये. दोन थर हाताने वेगळे करून पाहिलेत का कधी? कागद फाटतो, पण प्लॅस्टिकला चिकटूनच राहतो. पुठ्ठ्याचा खोका खरं तर चांगली वस्तू आहे. त्याच्यातला धागा पाच-सात वेळा तरी पुन्हा वापरता येतो, मग तो आखूड होत होत निकामी होतो. पण त्याच खोक्यावर प्लॅस्टिकची टेप असते, आणि पत्त्याचं लेबल उष्णतेने छापायच्या कागदाचं, ज्यावर रसायनांचा थर असतो. शिवाय त्या लेबलवर माझं नाव, पत्ता आणि फोन नंबर. खोका टाकायच्या आधी ते खरवडून काढल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि ते अशा गोंदाने लावलेलं असतं की पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा घेऊनच निघतं. तुमच्या कचऱ्याची वर्गवारी करण्याचं हे बिनपगारी काम माझ्याकडे कधी आलं, ते मला कळलंच नाही.

परत पाठवायच्या मालाबद्दल फार लिहीत नाही. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. एवढंच म्हणते की कपड्यांची मापं नीट दिलीत तर निम्मा घोळ तिथेच मिटेल, आणि पाकीट असं द्या की उघडल्यावर पुन्हा बंद करता येईल. फ्रान्सने २०२० साली कायदा करून न विकला गेलेला माल, अन्न सोडून, नष्ट करायला बंदी घातली. तिची अंमलबजावणी २०२२ पासून सुरू झाली. असा कायदा करावा लागला, यावरून काय चाललं होतं ते समजतं.

हे सगळं बदलणं अवघड आहे, असं म्हणू नका. युरोपीय संघाचा पॅकेजिंगबाबतचा नवा नियम २०२५ च्या फेब्रुवारीत अमलात आला. त्यानुसार या दशकाच्या अखेरीस ऑनलाइन मालाच्या पार्सलात रिकामी जागा ५० टक्क्यांहून जास्त असता कामा नये. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे हवेच्या उशा, बबल रॅप, कागदाचे तुकडे, फोम हे सगळं त्या नियमात रिकामी जागाच धरलं आहे. कोंबलं म्हणजे भरलं, ही पळवाट बंद. दक्षिण कोरियाने २०२४ च्या एप्रिलअखेरीपासून पार्सलांना ५० टक्क्यांची मर्यादा आणि एकच आवरण असा नियम लावला. पहिली दोन वर्षं दंडाऐवजी समज द्यायची, असं ठरवून. ॲमेझॉनने २००८ सालीच उघडायला सोप्या, जादा आवरण नसलेल्या पॅकिंगची योजना सुरू केली होती, आणि उत्तर अमेरिकेतल्या पार्सलांमधल्या प्लॅस्टिकच्या ९५ टक्के हवेच्या उशा काढून तिथे कागद वापरत असल्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं. जर्मनीत लोकांनी आपल्या सोयीच्या वेळी पार्सल काढून न्यावं म्हणून डीएचएलने २००१ मध्ये कुलुपबंद कप्प्यांची सोय सुरू केली. मला ती उपयोगाची नाही, पण दिवसभर घराबाहेर असणाऱ्यांच्या हुकलेल्या डिलिव्हऱ्या त्याने टळतात. म्हणजे घोडं तंत्रज्ञानापाशी अडलेलं नाही.

आता मागण्या.

एकत्र पाठवण्याचा पर्याय परत आणा, आणि तोच आधीपासून निवडलेला ठेवा. ज्याला घाई आहे तो बदलून घेईल. ज्यांच्याकडे हा पर्याय नाही, त्यांनी तो सुरू करावा.

पैसे भरण्याआधी ऑर्डर किती पार्सलांत आणि किती फेऱ्यांत येणार, ते दाखवा. किंमत दाखवता तितक्या ठळकपणे.

खोक्यातली रिकामी जागा निम्म्याहून जास्त नको, आणि भरण म्हणून कोंबलेलं सगळं रिकाम्या जागेत धरा. कायदा येईपर्यंत थांबू नका. यासाठी आधी वस्तूंची नोंदवलेली मापं तपासा, चुकीची मापं भरणाऱ्या विक्रेत्याला त्याचा खर्च लावा, आणि योग्य खोका शोधणाऱ्या कामगाराचा वेळ त्याच्या लक्ष्यातून वजा करा.

ज्या वस्तूला कंपनीचा स्वतःचा भक्कम खोका आहे, ती त्यावर लेबल लावून तशीच पाठवा. आत काय आहे ते शेजाऱ्यांना दिसू नये असं काहींना वाटतं. त्यांना वरून आवरण मागता यावं. न फुटणाऱ्या कापडी वस्तूंना एका कागदी पाकिटापलीकडे काही नको.

टेप कागदाची, पाकीट एकाच पदार्थाचं, लेबल सहज सोलून निघणारं. आणि उघडायला ओढायची पट्टी, जी खरोखर ओढता येईल. ती कमजोर हातांच्या माणसांकडून आधी उघडून पाहा. अशी माणसं हवी असतील तर मी येईन.

पुढचं पार्सल द्यायला येणाऱ्याकडे आधीचे घडी केलेले खोके परत देता यावेत. पण त्या कामाचे त्याला वेगळे पैसे मिळाले पाहिजेत. नाहीतर ही मागणी मी मागे घेते.

पॅकिंगला वेगळे तारे द्यायची सोय करा आणि त्यांचा डिलिव्हरी करणाऱ्याच्या कमाईशी संबंध ठेवू नका.

यातली कोणती मागणी मान्य आहे, कोणती नाही आणि का, हे प्रत्येक मुद्द्यापुढे लिहून तुमच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर जाहीर करा. ‘खर्च वाढेल’ असं कारण असेल तर किती वाढेल तेही लिहा. मी भरायला तयार आहे की नाही, ते मी ठरवेन. मला खासगी फोन किंवा पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन नको आहे.

आपली,
एक नियमित ग्राहक